भोंगा बंद असताना

माणसाने जमिनीत गाडलेलं केव्हा ना केव्हा वर येतंच. काळ कोणालाही काही कायमचं दडवू देत नाही. असं मी मानतो. मात्र आमची कंपनी मला पगार देते तो नेमका याच्या उलट गोष्टीसाठी. कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन वायू गोळा करायचा, दाबून दाबून पाण्यासारखा दाट करायचा, आणि ज्या विहिरींतून तीस वर्षं आम्हीच गॅस उपसला त्याच विहिरींतून तो दीड किलोमीटर खाली, वाळूच्या दगडात, कोंबायचा. तिथे तो दहा हजार वर्षं मुकाट राहील असं आमच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. माहितीपत्रक दरवर्षी नव्याने छापावं लागतं, कारण त्यातले फोन नंबर बदलतात.

तिसऱ्या विहिरीत वायू सोडण्याचा तो दिवस होता. मुहूर्त बाराचा. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी आरशासमोर अर्धी दाढी उरकून उभा असताना बायको बाल्कनीतून म्हणाली, "हा चिमटा आपला नाही."

"कुठला चिमटा?"

"नारिंगी. प्लास्टिकचा. तुमच्या करड्या स्वेटरला होता, खाली काठाला. आपले सगळे लाकडी आहेत." ती दारात येऊन उभी राहिली. एका हातात ओला स्वेटर, दुसऱ्या हातात दोन बोटांत धरलेला चिमटा. "कोणाच्या दोरीवर वाळत होता म्हणायचं?"

बावीस वर्षांच्या संसारात तिने मला एवढी मोठी शक्यता बहाल केल्याचा हा पहिलाच प्रसंग. एरवी मी सुखावलो असतो. पण वस्तरा गालावर थांबला तो थांबलाच. चिमट्याच्या बुडाशी काळ्या शाईने चारचा आकडा लिहिलेला होता, आणि ते अक्षर माझं होतं.

"लॅबमधला आहे," मी म्हणालो.

"मग ठेवू का दोरीवर? मला एक कमी पडतोच आहे."

"नको. दे इकडे."

"अहो, चिमटा आहे. रंग का उडाला तुमचा?"

रंग उडाला नव्हता, साबणाचा फेस होता, असं मी तिला सांगितलं. अर्ध्या चेहऱ्याच्या बाबतीत ते खरंही होतं.

आता या चिमट्याचं सांगायला हवं, म्हणजे आमच्या भोंग्याचं सांगायला हवं. मी कण मोजतो. विहिरीतून आणलेल्या दगडाचा भुगा करून चिमूटभर पाण्यात टाकतात, त्या पाण्यातून लेझरचा किरण जातो, मोठा कण किरणाला थोडासा वळवतो आणि बारीक कण पुष्कळ. त्यावरून कुठल्या आकाराचे कण किती, ते यंत्र सांगतं. विहिरीवरची मंडळी आम्हाला चाळणवाले म्हणतात. यात अडचण एकच. दगडात वाळूबरोबर चिकणमाती असते आणि मातीच्या कणांना सुटं राहवत नाही; ते एकमेकांना मिठ्या मारून बसतात. शंभर मातीचे कण एकत्र आले की यंत्राला वाटतं, हा एक वाळूचा कण. म्हणून मोजणीआधी त्या पाण्यात दोन मिनिटं ध्वनीचा मारा करायचा. मूळ ध्वनी माणसाला ऐकू येत नाही, पण त्याचं खोकं जे किंचाळतं ते दाताच्या डॉक्टरकडच्या खुर्चीची आठवण करून देतं. आम्ही त्याला भोंगा म्हणतो. भोंगा चालू असताना फोनवर बोलता येत नाही, म्हणून लॅबमधली सर्वांत जुनी रीत अशी की फोन आला की भोंगा बंद. फोन संपला की चालू. आणि हे दुसरं वाक्य माणूस विसरू शकतो म्हणून चिमटे. भोंग्याच्या वायरीला सहा नारिंगी चिमटे लटकलेले असतात. बंद करणाऱ्याने एक काढून स्वतःच्या कॉलरला लावायचा, हनुवटीखाली, म्हणजे मान खाली घातली की टोचतो. भोंगा पुन्हा चालू करूनच चिमटा वायरीवर परत. अंगावर चिमटा असेल तर आकडा लिहायचा नाही. ही पद्धत अकरा वर्षांपूर्वी मी शोधून काढली. तिला मुख्य कचेरीकडून मानपत्र मिळालं. ते फ्रेम करून अग्निशामक नळकांड्याच्या शेजारी लावलं आहे, त्यामुळे आग लागल्याशिवाय सहसा कोणी वाचत नाही.

चिमटा घरी आला, म्हणजे वायरीवर परत गेला नाही. वायरीवर परत गेला नाही, म्हणजे भोंगा चालू झाला नाही. बसमध्ये बसलो तेव्हा मला एवढंच तर्कशास्त्र येत होतं, आणि ते पुन्हा पुन्हा येत होतं. खिशात हात घालून मी तो चिमटा उघडत होतो, मिटत होतो. समोरच्या सीटवरचा माणूस केळ्याची साल हातात घेऊन टोपली शोधत होता. करडा स्वेटर मी या हिवाळ्यात एकदाच घातला होता, तीन आठवड्यांपूर्वी, थंडीची एक लाट येऊन गेली त्या दिवशी. लॅबचा कोट धुण्याला गेलेला. स्वेटरला कॉलर नाही, म्हणून चिमटा खाली काठाला लावलेला. आता सगळं दिसत होतं, अगदी टेबलाच्या कडेला तो काठ घासल्याचंही. त्या दिवशी तिसऱ्या विहिरीचे चार नमुने होते. तीन झाले. चौथा लावला आणि दादाचा फोन आला. बाबा पडले होते, फार काही नाही, पण आता त्यांनी एकटं राहायचं नाही असं ठरत होतं. कोणाकडे राहायचं ते ठरत नव्हतं. "तुझ्याकडे लिफ्ट आहे," दादा म्हणाला. "तुझ्याकडे तळमजला आहे," मी म्हणालो. वीस मिनिटं आम्ही एकमेकांच्या घरांची स्तुती करत होतो. शेवटी मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला, आणि डोक्यात लिफ्ट घेऊन मोजणीचं बटण दाबलं. बारीक कण तीन पूर्णांक एक टक्के. छान आकडा आला असं वाटल्याचं आठवतं. छान आकडा आला की शास्त्रज्ञाने घाबरावं, असं मला एकाने शिकवलं होतं. त्याचा विचार मी बसमध्ये केला नाही. केळ्याच्या सालीचा केला.

चौथा नमुना सर्वांत महत्त्वाचा होता. ज्या थरात वायू सोडायचा तोच तो थर, आणि त्याच्या वर झाकणासारखा घट्ट दगड. वाळूच्या कणांमधल्या फटींतून वायू पुढे सरकणार. तिथे माती जास्त असली तर वायूच्या रेट्याने मातीचे कण सुटतात, वाहत जातात आणि अरुंद जागी अडकून बसतात, दारात गर्दी करणाऱ्या वऱ्हाडासारखे. मग वायू तुंबतो, दाब चढतो, आणि झाकण तडकायचं असेल तर ते तेव्हा. यातलं काही बारा वाजता होणार नव्हतं. मांडवातल्या चाळीस पाहुण्यांच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. जे व्हायचं ते सावकाश, वर्षा-दोन वर्षांनी, अंधारात, कोणाला न दिसता. पण सुरुवात मात्र बाराला होणार होती, आणि एकदा मातीने फटी बुजवल्या की जगातला कुठलाही पंप त्या मोकळ्या करू शकत नाही. पाच टक्क्यांच्या आत माती असेल तर पूर्ण वेग, दहाच्या वर गेली तर विहीरच सोडून द्यायची. माझ्या तीन पूर्णांक एकवर पूर्ण वेग ठरला होता.

लॅबमध्ये कोणी नव्हतं. सगळे विहिरीवर गेले होते. मांडव, भाषणं, नाश्ता. मी दिवे लावले. वायरीवर पाच चिमटे होते. एक, दोन, तीन, पाच, सहा. तीन आठवडे ते तसेच लटकत होते आणि तीन आठवडे मी त्यांच्याकडे रोज पाहत होतो. चिमटे मोजावेत असं पद्धतीत लिहिलेलं नाही. पद्धत लिहिणाऱ्याला ते सुचलं नाही. मी कोठीत गेलो, राखीव नमुन्यांच्या फडताळातून चौथी डबी काढली, चमच्याने भुगा घेतला. माती मोकळी व्हायला आधी तासभर पाण्यात भिजवावी लागते. ते पाणी मी ओतलं आणि घड्याळ पाहिलं. नऊ पन्नास. भिजून होणार दहा पन्नासला. भोंगा, मोजणी तीन वेळा, सरासरी. सव्वाअकरा. वेळ होता. म्हणजे सांगायचं की नाही हे ठरवायलाही वेळ होता, आणि तेच वाईट होतं.

विहीर ज्यांच्या ताब्यात आहे त्या बाईंना सगळे दाबबाई म्हणतात, कारण त्या दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाहीत. त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हाही हॉलमधल्या हवेच्या दाबाबद्दल त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी फोन लावला. मागे माइकवरचा 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' ऐकू येत होता.

"मॅडम, तिसऱ्या विहिरीचा चौथा नमुना. त्यात एक शंका आहे."

"कसली शंका?"

"भोंगा बंद राहिला असावा. मोजताना."

पलीकडे माइकवाला वन टू थ्रीच्या पुढे जात नव्हता. मग दाबबाई म्हणाल्या, "असावा की होता?"

"चिमटा घरी सापडला."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"तुमच्या." चिमट्यांचं मानपत्र मिळालं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याही होत्या. "पुन्हा मोजताय?"

"भिजत घातलाय. सव्वाअकरापर्यंत आकडा देतो."

"मग असं करा. तुम्ही मला सव्वाअकराला फोन करा. आत्ता तुम्ही केलेलाच नाही. कारण आत्ता केला असेल तर मला हे सगळं थांबवावं लागेल, आणि इथे एक जण फीत कापायची कात्री घेऊन सकाळपासून बसलेत. समजलं?"

"पण दहाच्या वर आला तर?"

"तर मी कात्री हिसकावून घेईन. ठेवते."

मला हलकं वाटायला हवं होतं. सांगून झालं होतं. पण बाईंनी ते ऐकलं नव्हतं म्हणजे मी सांगितलंही नव्हतं, असा एक विचित्र हिशेब डोक्यात फिरू लागला. मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. हे माझं टेबल. उजेड चांगला येतो. अकरा वर्षांपूर्वी ते मास्तरांचं होतं.

मास्तर म्हणजे ज्यांनी मला कण मोजायला शिकवलं ते. हुद्द्याने माझ्याहून एकच पायरी वर, पण हाताने मास्तर. ते मला बारक्या म्हणत. तेव्हा मी बारीक होतो, आणि काम बारीक कणांचं. चाळणी हलवताना त्यांचं मनगट हलत नसे, कोपर हलायचं. भुग्यावर वाकले की श्वास धरायचे. "तुझा एक सुस्कारा म्हणजे दोन टक्के माती गेली, बारक्या. प्रेमबीम करायचं ते बाहेर जाऊन कर." छान आकडा आला की घाबर, हे त्यांचंच. तीस वर्षं भोंग्याशेजारी बसून त्यांचा डावा कान गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. ते कोणाला कळू नये म्हणून ते आधीच मोठ्याने हसायचे, मग कोणी काय बोललं ते विचारायचे. सगळ्यांना माहीत होतं. एक दिवस त्यांना घरून फोन आला. त्यांनी भोंगा बंद केला, बोलले, फोन ठेवला, आणि बटण दाबलं, पण अर्धवट. बारीकसा दिवा लागला, भोंगा लागला नाही. दुसऱ्या कोणाला ते तत्क्षणी कळलं असतं. मास्तर त्या शांततेत दोन मिनिटं घड्याळ लावून उभे राहिले, मग शांतपणे मोजणी केली, आकडा लिहिला आणि चहाला गेले.

हे मी सगळ्यांना सांगितलेलं आहे. बैठकीत सांगितलं, मानपत्र घेतानाच्या भाषणात नाव न घेता सांगितलं, बायकोलाही सांगितलं. एक गोष्ट सांगितलेली नाही. मी शेजारच्या टेबलावर होतो. भोंगा वाजत नाहीये हे मला ऐकू येत होतं. ती दोन मिनिटं मी पूर्णच्या पूर्ण ऐकली. 'मास्तर, भोंगा,' एवढे दोन शब्द पुरले असते. ओरडावे लागले असते, पण दोनच. मी चाळणी पुसत राहिलो. आधी वाटलं, त्यांच्या आता लक्षात येईल. मग वाटलं, बघू लक्षात येतं का. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत काहीतरी सुटून वाहत गेलं आणि कुठेतरी अडकलं, आणि तेव्हापासून ते तिथेच आहे. दोन दिवसांनी बैठकीत मी हात वर केला. तेव्हाचे साहेब म्हणाले, "आकड्यात फरक किती पडला असेल?" मी म्हणालो, "फरक किती हा प्रश्नच नाही, सर. आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा आहे." वाक्य चांगलं होतं. माना हलल्या. मास्तरांनी मोठ्याने हसून शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाला? शेजाऱ्याने कागदावर लिहून दाखवलं. ते त्यांनी चष्मा लावून वाचलं, आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, मी चाळणी नीट धरली की हलवायचे तशीच. नंतरच्या महिन्यात त्यांना स्टेशनरीच्या कोठारात नेमलं. तिथे शांतता होती, त्यांना सोयीची. सहा वर्षांपूर्वी तिथूनच निवृत्त झाले. कुठे लग्नाबिग्नात भेटले की विचारतात, "काय बारक्या, चिमटे शाबूत ना?" मी मान हलवतो. बोललो तरी त्यांना ऐकू येत नाही.

दहा पन्नासला मी भोंगा चालू केला. ते किंचाळणं रिकाम्या खोलीत भिंतींवरून परत येत होतं, दाढांत शिरत होतं. मी खिशातला चार नंबर काढून वायरीवर लावला. मग वाटलं, पुरावा आहे, काढावा. मग वाटलं, कोणासाठी पुरावा? आणि त्याच वेळी टेबलावरचा फोन थरथरत गोल फिरू लागला. दादा. मी हात पुढे केला आणि भोंग्याच्या बटणावर माझं बोट टेकलेलं मला दिसलं; फोनवर नव्हे, बटणावर. बोटाला इतक्या वर्षांची सवय होती, त्याने मला विचारलंही नव्हतं. मी बोट उचललं. फोन फिरत फिरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला, तिथे थांबला. पुन्हा वाजला. बाबा पुन्हा पडले असतील, किंवा दादाला माझ्या लिफ्टबद्दल आणखी काही सुचलं असेल. दोन मिनिटं मी घड्याळाकडे पाहत उभा राहिलो. दोन मिनिटं फार मोठी असतात. त्यांत माणूस दोन शब्द साठ वेळा म्हणू शकतो.

पहिली मोजणी तीन पूर्णांक चार. मला खरं वाटलं नाही. दुसरी तीन पूर्णांक तीन. तिसरी तीन पूर्णांक चार. मी भोंगा तपासला, हाताने चाचपला, थरथरत होता. पाणी बदललं, भिजलेल्यातलाच आणखी चिमूटभर भुगा टाकला, या वेळी भोंगा चार मिनिटं ठेवला. तीन पूर्णांक चार. माती नव्हतीच. त्या दगडात मिठ्या मारायला पुरेशी माती देवाने घातलीच नव्हती. भोंगा वाजो न वाजो, वाळू ती वाळूच. मी खुर्चीत बसलो तेव्हा लक्षात आलं की माझा शर्ट पाठीला चिकटला आहे आणि दाढी अर्धीच झालेली आहे.

सव्वाअकराला फोन केला.

"मॅडम, तीन पूर्णांक चार."

"आधी किती होतं?"

"तीन पूर्णांक एक."

"मग फोन कशाला केलात?"

"तुम्हीच म्हणालात, सव्वाअकराला करा."

"बरं. तुम्ही येताय ना? नाश्ता संपत आलाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि हे बघा, चिमट्याचं कुठे बोलू नका. फरक तर काहीच पडला नाही ना?"

"नाही."

"झालं तर मग."

झालं तर मग. बारा वाजून सात मिनिटांनी लॅबमधल्या पडद्यावर तिसऱ्या विहिरीचा दाब हळूहळू वर चढला, ठरलेल्या रेषेला टेकला आणि तिथे स्थिर राहिला. दीड किलोमीटर खाली दहा हजार वर्षं सुरू झाली. मी पाहत होतो आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: फरक किती हा प्रश्नच नाही, सर. मास्तरांचा नमुना पुन्हा मोजलाच गेला नव्हता. ती विहीर दुसऱ्याच कारणाने त्याच आठवड्यात रद्द झाली, आकडा कोणाला लागला नाही, आणि ज्याने मोजायचा त्याला टेबल मिळालं होतं. तीन पूर्णांक एक की तीन पूर्णांक चार, की तीस, कोणालाच माहीत नव्हतं. तो आकडा काढायला दीड तास लागतो. आज माझ्याकडे दीड तास होता. आकडा हातात घेऊन मास्तरांच्या घरी जायचं, कागदावर लिहून दाखवायचं, ते चष्मा लावतील. त्याखाली दुसरी ओळ काय लिहायची तेही जवळजवळ ठरलं होतं. ती ओळ 'भोंगा वाजत नाही हे मला ऐकू येत होतं' अशी सुरू होत होती.

मी कोठीत गेलो. जुने नमुने खालच्या कप्प्यात असतात. गुडघे टेकून मी डब्या पुढे ओढल्या, वर्षांचे कागद वाचत मागे मागे गेलो, आणि कप्पा संपला. मग नोंदवही काढली.

राखीव नमुने दहा वर्षं ठेवायचा नियम आहे. मुदत संपलेल्या एकशे बारा डब्या गेल्या मार्चमध्ये माझ्या सहीने मागच्या अंगणातल्या कुंड्यांत रिकाम्या केल्या. त्यांत कोरफड लावली आहे. तिला पाणी कमी लागतं.